आजोबांचं पिस्तूल आणि नातवाचा बार

"हत्यार बसवून ठेवलं की मरतंय बघा अण्णा. अधनंमधनं त्याचा आवाज काढायला लागतोय."

आमच्या दुधनीत हे वाक्य ऐकायला लांब जावं लागत नाही. तुरीचे सौदे उरकले की आडत दुकानाच्या गादीवर ऐकू येतं, लग्नाच्या मांडवात ऐकू येतं, खंडेनवमीच्या पूजेला तर हमखास. मराठीत म्हणतात, कन्नडमध्येही म्हणतात. कर्नाटकाच्या सीमेला चिकटलेल्या या गावात दोन्ही भाषांच्या माणसांचं विनातक्रार एकमत होईल अशा गोष्टी थोड्याच, आणि नेमकी ही त्यांतली एक निघावी याची मला चीड येते. कारण हे एकमत अडाणी आहे. ज्या वस्तूचा अभिमान म्हणून ते मिरवलं जातं, तीच वस्तू ते संपवायला निघालं आहे.

विषय असतो घराण्यात वारशाने आलेल्या विलायती पिस्तुलाचा. समजा, वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं .३२ बोअरचं पिस्तूल आहे. बर्मिंगहॅमचा माल. १९११ साली लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी आपल्या खात्यासाठी जे निवडलं, ते हेच. असली पिस्तुलं साहेबाबरोबर इकडे आली, साहेबाकडून संस्थानिकांच्या, कारभाऱ्यांच्या, फौजदारांच्या आणि एखाद्या मातब्बर वतनदाराच्या कमरेला लागली, आणि साहेब गेला तरी इथेच राहिली. आजोबांच्या नावचा परवाना वडिलांच्या नावावर झाला, वडिलांचा मुलाच्या. आता ते मुलाच्या हातात आहे आणि मुलाचा हात शिवशिवतो आहे.

बार काढणाऱ्या पक्षाचं म्हणणं मी त्यांच्यापेक्षा जरा नीट मांडतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. ते म्हणतात, पिस्तूल हे शेवटी यंत्र आहे आणि यंत्र चालतं ठेवलं तरच टिकतं. कपाटात पडलं की गंजतं, स्प्रिंगा बसतात, आणि वेळेला दगा देतं. वेळ तर कधीही येऊ शकते, कारण आपण हद्दीवरची माणसं, मळ्यात एकटं घर, रात्री-अपरात्री कोण येईल सांगता येत नाही. शिवाय हे घराण्याचं नाक आहे. आजोबांनी रझाकारांच्या धामधुमीत हे उशाशी घेऊन रात्री काढल्या. नातवाने त्याला काचेत कोंडायचं म्हणजे त्यांच्या मर्दानगीवर पाणी ओतायचं. दसऱ्याला एक बार, घरच्या लग्नात एक बार, एवढ्याने काय बिघडतं? आणि बाजारात भावसुद्धा 'चालू' हत्यारालाच येतो.

ऐकायला झकास आहे. यातलं एकेक वाक्य मिशीला पीळ भरत म्हणता येतं, आणि एकेक वाक्य पोकळ आहे.

यंत्रापासून सुरुवात करू, कारण शहाणी माणसंही इथेच घसरतात. यंत्र चालतं ठेवावं हे खरं. पण कोणतं यंत्र? विहिरीवरची मोटर महिनाभर बंद राहिली तर अडकते, मान्य. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यावी, हेही मान्य. पण मोटर सुरू करताना तिच्या पोटात स्फोट होत नाही. पिस्तुलाचा चाप ओढला की नळीच्या मागच्या भागात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, चौरस इंचाला वीस हजार पौंडांपर्यंत दाब उठतो. दुधनीहून तूर भरून निघणाऱ्या मालट्रकच्या टायरात हवा असते शंभर-सव्वाशे पौंड. तो टायर फुटला तर शेजारी उभा असलेला माणूस आडवा होतो. मग त्याच्या दीडशे-दोनशे पट दाब आपण शंभर वर्षांच्या पोलादावर, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, 'जरा आवाज काढू' म्हणून आणायचा? हे यंत्र चालतं ठेवणं झालं की त्याची परीक्षा पाहणं?

बरं, ते पोलाद आतून कसं आहे हे कुणी पाहिलं आहे का? या पिस्तुलाच्या मुठीत, फळीखाली, इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली स्प्रिंग असते. मागे सरकलेला वरचा भाग तीच पुढे ढकलते. शंभर वर्षं तिने हे काम केलं आहे, आणि पोलादाला थकवा येतो हे कुठलाही लोहार सांगेल. मुठीच्या फळ्या काळ्या, कडक केलेल्या रबराच्या. हे रबर वयाबरोबर ठिसूळ होतं. स्क्रू जरा जास्त आवळला तरी कोपऱ्याचा टवका निघतो. १९४० च्या सुमाराला हे पिस्तूल बनणं थांबलं, तेव्हा सुटा भाग आणायचा कुठून? मग गावाकडचा कारागीर कानस घेऊन बसतो, दुसऱ्याच कशाची तरी स्प्रिंग घासून बसवतो, आणि मालक खुशीत सांगतो की पिस्तूल एकदम चालू करून आणलं. चालू झालं असेल. पण ते आता वेब्लीचं राहिलं का, की त्या कारागिराचं झालं?

गंजाचा मुद्दा तर उलटाच त्यांच्या अंगावर येतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की त्याचा क्षार नळीत बसतो, हा क्षार मिठासारखाच हवेतली ओल ओढतो, आणि नळी आतून खायला लागतो. नुसत्या तेलाने तो जात नाही. बार काढल्यावर नळी कडकडीत पाण्याने धुवावी लागते, कोरडी करावी लागते, मग तेल. जुन्या शिपायांना हे पाठ होतं. वरातीत बार काढून पिस्तूल तसंच चामड्याच्या म्यानात खोचणाऱ्या नवरदेवाच्या मामाला ते ठाऊक आहे का? गंज चढू नये म्हणून पिस्तूल उडवतो असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा गंजाची बीजंच नळीत पेरत असतो.

आणि काडतुसं? आजोबांच्या पत्र्याच्या डब्यातली काडतुसं हा तर वेगळाच भयपट आहे. कोणत्या सालची, किती उन्हाळे खाल्लेली, कुणाला पत्ता नाही. असलं काडतूस कधी चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडतं. तोवर उडवणाऱ्याने 'काय झालं' म्हणून नळी स्वतःकडे किंवा शेजारच्याकडे वळवलेली असते. कधी ते फुसकं निघतं आणि गोळी नळीतच अडकून बसते. मागून दुसरी सोडली की नळी फुगते नाहीतर फाटते. नवी काडतुसं घेतो म्हणाल तर आमच्याकडे '.३२' म्हटलं की बोलणं संपतं. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत, पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब जास्त असतो, आणि ते काही रिव्हॉल्व्हरच्या चक्रात शिरतंही, हे ठाऊक नसलेल्या माणसाने आजोबांच्या हत्याराला हात लावू नये. पण ज्याला काडतुसातला फरक कळत नाही, त्याचाच हात आधी पुढे येतो.

आता संरक्षण. हा मुद्दा आला की बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो आणि भुवया वर जातात. हद्दीवरचं गाव आहे हो, रात्रीचं काही सांगता येत नाही. ठीक. निवडणूक लागली की परवान्यावरची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करून घ्यायची पद्धत आहे. लोकसभा, विधानसभा, मध्येच स्थानिक निवडणूक. तुमचं पिस्तूल दर थोड्या वर्षांनी ठाण्यात मुक्कामाला जातं. त्या आठवड्यांत तुमच्या मळ्यावर किती दरोडे पडले? चोरांना आचारसंहितेची तारीख कळत नाही, असं तर तुमचं म्हणणं नाही ना? आणि खरोखरच जिवाला धोका असेल, तर त्या धोक्याच्या रात्री तुम्ही शंभर वर्षांची स्प्रिंग आणि बिनतारखेचं काडतूस यांच्या भरवशावर झोपणार? मग तुम्हाला धोका वाटत नाही, फक्त हौस वाटते. धोका वाटणारा माणूस नवं हत्यार घेतो. वेब्लीचाच हट्ट असेल तर त्या नावाचं नवं .३२ रिव्हॉल्व्हर आता उत्तर प्रदेशात हरदोईजवळ संडील्याला बनतं. रीतसर अर्ज करा, परवाना मिळाला तर घ्या, सरावाला रेंजवर जा. आजोबांना कशाला पुन्हा पहाऱ्यावर उभं करता?

जुन्या हत्यारावर विसंबण्याचं काय होतं हे आपल्याकडे महाभारतानेच सांगून ठेवलं आहे, पण आमचे वीर महाभारत खंडेनवमीपुरतं, शमीच्या झाडापर्यंतच वाचतात. पुढचं मौसलपर्व वाचत नाहीत. यादवांच्या बायकामुलांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीरांनी धाड घातली तेव्हा हातात गांडीवच होतं. तेच धनुष्य, तोच धनुर्धर. दोरी चढवताना जीव मेटाकुटीला आला, अस्त्रं आठवेनात, अक्षय म्हणवणारे भाते रिकामे झाले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायका पळवल्या गेल्या. शेवटी महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नीने सांगितल्यावर ते गांडीव वरुणाला परत करायचं म्हणून त्याने पाण्यात सोडलं. हत्याराचा काळ सरतो हे अर्जुनाला कळलं, दुधनीच्या पाहुण्यारावळ्यांना कळत नाही.

शमीचं झाडही त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. पांडवांनी शस्त्रं नीट बांधून झाडावर ठेवली, वर्षभर कुणाचा हात लागू नये अशी तजवीज केली. वर्षभर अधूनमधून खाली उतरवून कुणी टणत्कार काढल्याचं व्यासांनी लिहिलेलं नाही.

आता घराण्याचं नाक. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. बार काढावा असं कोणत्या शास्त्रात आहे? पूजेतही जरा भान ठेवावं अशी परिस्थिती आहे. ओलं गंध, हळद, झेंडूच्या पाकळ्या थेट लोखंडावर ठेवल्या की निळसर काळ्या झिलईवर डाग पडतात ते कायमचे. पण ती चूक निदान भक्तीतून होते. वरातीतल्या बाराला भक्तीचाही आडोसा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराचं स्वतंत्र कलम आलं. बेफिकीर किंवा असा आनंदाचा गोळीबार करून माणसांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर सोडलेली गोळी वरच राहत नाही. मांडवावर, शेजारच्या पत्र्यावर, अंगणात झोपलेल्या पोरावर, कुठेतरी खाली येतेच. ज्या आजोबांच्या नावाने बार काढला, त्यांच्याकडून चालत आलेला परवाना त्या बाराने रद्द होऊ शकतो. नाक राखायची ही कुठली तऱ्हा?

आणि आजोबांचं शौर्य! हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो खरा असू शकतो. दुधनी तेव्हा अक्कलकोट संस्थानात; पलीकडे आळंद, गुलबर्गा निजामाच्या मुलखात. १९४८ साली मार्चमध्ये अक्कलकोट विलीन झालं, आणि सहा महिन्यांनी, १३ सप्टेंबरला, सोलापूरच्या बाजूने भारतीय फौज नळदुर्गवरून हैदराबादेत शिरली. १७ तारखेला निजामाने हात टेकले. त्याआधीचे महिने हद्दीवरच्या गावांनी जीव मुठीत धरून काढले. तेव्हा कुण्या वाड्यात एखादं पिस्तूल खरोखरच उशाशी असेल, तर ते पिस्तूल त्या वर्षाचा पुरावा आहे. पुरावा! मग पुराव्याशी तुम्ही कसे वागता? सातबारा जुना झाला म्हणून त्यावर पुन्हा शाईने गिरवता का?

पिस्तूल हा किती बोलका पुरावा असतो हे आम्हा मराठी माणसांना तरी सांगायला नको. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग झाडलं आणि त्या ब्राउनिंगचा माग थेट लंडनपर्यंत पोहोचला. प्रत्येक नळी आतल्या आट्यांचे ओरखडे आपल्या गोळीवर सोडते. घोड्याच्या कळीचा ठसा काडतुसाच्या बुडावर उमटतो. जुनी गोळी आणि जुनी नळी जुळवता येते ती यावरूनच. दर नव्या बारानिशी नळी झिजते आणि ती खूण पुसट होते. आजोबांनी झाडलेल्या गोळीची साक्ष नातवाच्या बाराने खोडली जाते, आणि नातू म्हणतो, मी परंपरा चालवतो!

याहून वाईट असतात 'चकाचक' करणारे. उडवत नाही, पण निकेल चढवून, घासूनपुसून, दिवाणखान्यात लावतो म्हणणारे. यांना भगतसिंगांच्या पिस्तुलाची गोष्ट सांगतो. पोलीस अधिकारी साँडर्सवर ज्याने गोळ्या झाडल्या, ते .३२ चं कोल्ट इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण शाळेत वर्षानुवर्षं इतर हत्यारांच्या ओळीत पडून होतं. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला. कुणाला ओळखू येत नव्हतं. साधारण दहा वर्षांपूर्वी रंग खरवडला तेव्हा खाली क्रमांक निघाला, १६८८९६, आणि तो खटल्याच्या कागदांतल्या क्रमांकाशी जुळला. आज ते पंजाबात हुसैनीवाल्याला आहे. रंगाऐवजी कुणी हौशी अधिकाऱ्याने ते घासून, पॉलिश करून, निकेल चढवून घेतलं असतं, तर? क्रमांक गेला असता, आणि क्रमांकाबरोबर भगतसिंगही त्या पिस्तुलातून निघून गेले असते. राहिलं असतं एक चकचकीत कोल्ट. ओळखीच्या खुणा घासून काढणं आपल्या शस्त्र कायद्याने गुन्हाही आहे, हे ओघात सांगून ठेवतो.

भावाबद्दल फार बोलत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारांची खाजगी आयात जवळजवळ बंद झाली, म्हणून आपल्याकडे जुन्या विलायती पिस्तुलाला 'चालू' असण्याचा भाव मिळतो. तो टंचाईचा भाव आहे. जगभरचा संग्राहक पैसे मोजतो मूळ झिलईला, जुळणाऱ्या क्रमांकांना आणि सोबतच्या कागदांना. तुमच्याकडे अक्कलकोट संस्थानच्या शिक्क्याचा परवाना असेल, बंदूकवाल्याची जुनी पावती असेल, आजोबांचा पिस्तुलासह फोटो असेल, तर ते पिस्तुलाइतकंच मोलाचं आहे. आणि नेमकं तेच तुम्ही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातलेलं असतं.

कायद्याने तर हा सगळा घोळ केव्हाच निकालात काढला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ४५ म्हणतं की कालबाह्य, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्त करूनही उडू शकणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे ऐतिहासिक वस्तू म्हणून मोकळीक हवी असेल तर ती उडता कामा नये. उडत असेल तर ते हत्यार आहे, मग परवाना, तपासणी, नूतनीकरण सगळं आलं. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेलं हत्यारही त्या दोनांतच धरलं जातं. आमच्या मंडळींना मात्र दोन्ही हवं. पाहुण्यांसमोर 'शंभर वर्षांपूर्वीचं आहे, म्युझियम पीस' आणि वरातीत 'अजून एक नंबर चालतंय'. वय सांगून मान घ्यायचा आणि बार काढून टाळ्या घ्यायच्या. ऐतिहासिक म्हणायचं असेल तर उडवणं सोडा. उडवायचं असेल तर आजोबांचं नाव घेणं सोडा.

"मग काय, संग्रहालयात नेऊन पुरायचं?" हा त्यांचा शेवटचा बार. संग्रहालयात वस्तू मरते म्हणे. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. ती पाहायला रांगा लागल्या. त्या रांगेतला एकही माणूस म्हणाला का, की जरा काचेबाहेर काढा, कशावर तरी फाडून बघू, धार राहिली आहे का? २०२५ साली रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सरकारने ४७ लाख १५ हजार मोजून आणली. ती आणली ती लिंबं कापायला का? तलवार दिसली की आपल्याला इतिहास दिसतो, आणि पिस्तूल दिसलं की बोट चापाकडे जातं. हा फरक का पडावा? दारूचा वास आला की आपली इतिहासाची जाण विरघळते, एवढंच मला दिसतं.

आणि लांब कशाला जायचं? तालुक्याच्या गावी, अक्कलकोटच्या राजवाड्यात भोसल्यांचं शस्त्रागार आहे. तलवारी, भाले, कट्यारी, ठासणीच्या बंदुका, पिस्तुलं. स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीतले किती जण तिकडे पाय वळवतात हा वेगळा रडगाण्याचा विषय. पण जे जातात त्यांना एका छोट्या संस्थानाने किती तऱ्हेची हत्यारं जमवली, कोणती विलायतेहून आली, कोणती इथल्या लोहाराने घडवली, हे नुसतं बघून कळतं. तिथल्या बंदुका दर दसऱ्याला उडवत राहिले असते तर आज पाहायला काय उरलं असतं, फुटक्या नळ्या?

एवढं एक मी त्यांना देतो की ट्रंकेत फडक्यात गुंडाळून विसरणं हेही जपणं नाही. पण त्यावर इलाज बार हा नाही, हात हा आहे. आधी हत्यार रिकामं आहे याची खात्री करा. मॅगझिन काढलं म्हणून थांबू नका, वरचा भाग मागे ओढून नळीच्या बुडाशी काडतूस राहिलेलं नाही हे डोळ्यांनी पाहा. सुती हातमोजे घाला, कारण घामाचं मीठ लोखंडावर बोटांचे ठसे गंजाने कोरून ठेवतं. चामड्याच्या म्यानात पिस्तूल कधीही ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि कमावताना त्यात मुरलेली द्रव्यं लोखंड खातात. म्यान जपा, पण शेजारी, वेगळं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तेलाचा पातळ हात फिरवा, आणि ओल शोषणाऱ्या पुड्या घालून कुलपात ठेवा. घासू नका, पॉलिश करू नका, निघालेला टवका चिकटवू नका. क्रमांक, कंपनीचा शिक्का, बर्मिंगहॅमच्या चाचणीचे छाप यांचे फोटो काढा. आणि एका वहीत लिहून ठेवा की हे कुणी, कुणाकडून, कधी घेतलं, आजोबांबद्दल काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं. ही वही लिहायला बाराएवढी मजा येत नाही, हे मला ठाऊक आहे.

पुढच्या लग्नात कुणी मामा कमरेला हात घालून 'एकच आवाज' म्हणाला, तर त्याला सगळ्यांदेखत विचारा. काडतूस कोणत्या सालचं? नळी शेवटची कुणी तपासली? क्रमांक परवान्याशी जुळतो का? वर गेलेली गोळी कुणाच्या अंगणात पडणार? उत्तरं आली नाहीत तर त्याच्या हातून पिस्तूल काढून घेण्यात अपमान काही नाही. घ्या आणि कुलपात ठेवा. वारशाचं जुनं पिस्तूल एकदाही उडवू नये. दसऱ्याला नको, वरातीत नको, 'चेक' करायलाही नको. ज्याला एवढा संयम जमत नसेल त्याने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा आणि ते रीतसर एखाद्या संग्रहालयाच्या हवाली करून मोकळं व्हावं. अर्ज याच महिन्यात करावा, लग्नसराई तोंडावर आली आहे.